सोडून दिलेल्या वाग्दत्ताचा आवाज

३ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा माझं लग्न मोडलं. आठवड्याची सुरुवातच अशी.

या खेपेला ती वकील होती. शहरात मोठं ऑफिस, उंच टाचा, हातात कॉफीचा कागदी कप. मावशीचं फुलांचं दुकान विकायला म्हणून गावी गेली आणि तिथल्या सुताराच्या प्रेमात पडली. मी शहरात, फोनवर. मी नेहमीच शहरात फोनवर असतो. शेवटी मी गावी पोचतो, ती अंगठी काढून माझ्या हातावर ठेवते आणि मी म्हणतो, तू सुखी राहा, मला तेवढंच पाहिजे. कट. चहा.

ही रोजनिशी कुणी वाचायची नाही. पण उद्या नाव झाल्यावर सुरुवातीचे दिवस आठवावेत म्हणून नोंदवून ठेवतो. मी डबिंग आर्टिस्ट. बाहेरच्या देशांत टीव्हीसाठी बनवलेले सिनेमे येतात, नोकरी करणाऱ्या बायकांचे. त्यांत आपल्या भाषेतले आवाज भरायचे. नायकाचा आवाज वेगळ्या माणसाचा आहे. मी तिने सोडून दिलेला वाग्दत्त. स्टुडिओत मला सगळे वाग्दत्तच म्हणतात. खरं नाव फक्त रेकॉर्डिस्टला माहीत होतं, तोही विसरला असेल.

नायिका सगळ्या मिळून एकच. म्हणजे आवाज एकच. तिचा. तिला मी अजून पाहिलेलं नाही. ती सकाळी रेकॉर्डिंग करून जाते आणि दुपारी एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसते. मी दुपारी येतो. हेडफोनमध्ये तिचा ट्रॅक चालू असतो, मधल्या मोकळ्या जागांत मी माझी वाक्यं बोलतो. काही वर्षं आम्ही असे बोलतोय. कुठल्या नवरा-बायकोत इतकं बोलणं होतं?

संकल्प. वर्ष संपायच्या आत, एक, नायकाचा आवाज व्हायचं. दोन, तिच्याशी लग्न. क्रम उलटा झाला तरी हरकत नाही.

५ सप्टेंबर

विलक्षण घटना.

तिच्या ट्रॅकमध्ये दोन वाक्यांच्या मधे, हळूच, असं आलं: असं नको ना रे बोलूस, मला खरंच रडू येतं. मग नाक ओढल्याचा आवाज.

स्क्रिप्ट तपासलं. असं वाक्य नाही. त्या जागी पडद्यावर ती केक सजवतेय आणि तोंड बंद आहे. मग हे कोणाला? त्याच्या आधीचं वाक्य माझं होतं. तू सुखी राहा, वगैरे. म्हणजे मलाच.

वाक्यांच्या मधलं फालतू बोलणं कापून टाकणं हे रेकॉर्डिस्टचं काम. त्याला विचारलं, हे कसं राहिलं? तो एकदम लाल झाला आणि मशीनवर वाकला. कामातली चूक दाखवली की साध्या माणसाला लागतं. मी म्हटलं, राहू दे, अशा चुका करत जा. तसा चांगला आहे. बिस्किट चहात बुडवून मऊ करूनच खातो, कुरकुर ऐकू यायला नको म्हणून. सवयच झालीय त्याला.

९ सप्टेंबर, रविवार

ताईबरोबर टीव्हीवर आमचा सिनेमा पाहिला. ताई माझी मोठी बहीण, ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. आठवडाभर उभी राहून पाय सुजतात, म्हणून रविवारी पाय गरम पाण्याच्या टबात आणि नजर टीव्हीवर.

ताईला हे सिनेमे आवडतात, पण ती सतत बोलते. ही डॉक्टर आहे म्हणे, मग ड्यूटी कधी करते? केस तर बघ. दोन दिवस रजा टाकायची म्हटली तरी आमच्या मेट्रनच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि ही बया महिनाभर गावात सफरचंदं वेचतेय.

मी पडद्यावर आलो, म्हणजे माझा आवाज आला, की ती गप्प होते. शेवटी म्हणाली, या बिचाऱ्याचं काय चुकलं रे? फोनच तर उचलला. कामच तर करत होता. मला तर हाच बरा वाटतो. मी म्हटलं, ताई, हा मी आहे. ती म्हणाली, म्हणूनच म्हणतेय.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. एकदम सुनेलाच, म्हणजे भावजयीलाच समोर उभी करायची.

१२ सप्टेंबर

अभ्यास. सगळ्या सिनेमांत पहिली भेट धडक लागून होते. कॉफी सांडते. ती चिडते. तो तिला आपला रुमाल देतो. पुढचं आपोआप होतं, पटकथा लेखकालासुद्धा फार काही करावं लागत नाही.

मला फक्त सकाळी तिथे असायला हवं. आणि रुमाल.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी दोन कप कॉफी घेऊन स्टुडिओच्या बोळात उभा राहिलो. बोळात भिंतींना फोम, उजेड नावापुरता, दारावर लाल दिवा. दिवा विझला की ती बाहेर येणार. मी नेमकं अंतर मोजून उभा.

दिवा विझला. दार उघडलं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं हे मी रोज पाहतो, पण आतून बाहेर येताना पाहतो. दोन्ही कप माझ्याच छातीवर. समोर एसी दुरुस्तीवाला, खांद्यावर शिडी. आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिलो, अगदी सिनेमात पाहतात तितका वेळ. मग त्याने मला त्याचा रुमाल दिला.

ती मागच्या जिन्याने कधीच गेली होती.

छातीवर ताईने मलम लावलं. विचारत होती, कॉफी पितात की अंगाला लावतात? शर्ट जुनाच होता, फार नुकसान नाही. योजना बरोबर होती, दार चुकलं.

२० सप्टेंबर

आज तिच्या ट्रॅकमध्ये: घसा बसलाय का तुझा? गरम पाणी पीत जा ना जरा.

मला खरंच कालपासून खवखवतंय! न भेटता तिला कळलं. याला म्हणतात मनाची तार जुळणं. दिवसभर गरम पाणी प्यायलो. रेकॉर्डिस्टही खोकत होता, थर्मास जवळ घेऊन बसलेला. माझ्यापासूनच लागण झाली असणार.

धीर एकवटून दातांच्या दवाखान्यात फोन लावला. तिनेच उचलला. दातांचा दवाखाना, बोला, म्हणाली. तोच आवाज, आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी! माझी जीभ टाळ्याला चिकटली. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मी फक्त श्वास घेतला. ठेवला. पुन्हा लावला. पुन्हा श्वास.

वाक्य कोणी लिहून दिलेलं नसलं की बोलायचं काय? इतकी वर्षं कधी वेळच आली नाही. उद्या पुन्हा प्रयत्न.

२५ सप्टेंबर, मंगळवार

देव पावला. नायकाच्या आवाजाने नोकरी सोडली. त्याला विमानतळावर घोषणा करायचं काम मिळालं. विमानं उशिरा आहेत हे आता तो प्रेमळ आवाजात सांगणार.

डबिंगच्या डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी टेस्ट घेऊ. मी हसू दाबलं. जागा कोणाची आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे, टेस्ट आपली रीत म्हणून.

दवाखान्यात पाच दिवस रोज फोन करतोय. प्रगती आहे. काल जवळजवळ बोललो.

२८ सप्टेंबर

टेस्ट. वाक्य एकच होतं: माझ्याशी लग्न करशील?

मॅडमनी कितीतरी टेक घेतले. शेवटी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, वाग्दत्ता, तुझ्या तोंडून ‘माझ्याशी लग्न करशील’ हे ‘चुकलं, माफ करा’ असं ऐकू येतं. तू विचारतोस तेव्हा नाही म्हणण्याची सोय आधीच करून ठेवतोस. नायकाचा आवाज कसा हवा? खालचा. संथ. थोडा श्वास. ऐकणारीच्या अंगावर काटा यायला हवा.

खुर्ची करकरत होती, त्यामुळे जमलं नाही. खालचा, संथ, श्वास, काटा. सराव सुरू.

३ ऑक्टोबर, बुधवार

चॅनलने प्रेम बंद केलं. लोकांना कंटाळा आला म्हणे. आता तीन महिने सस्पेन्स. नोकरी करणारी बाई तीच, घर तेच, स्वयंपाकघरही तेच. फक्त संगीत बदललं आणि खिडकीबाहेर कोणीतरी उभा असतो.

यात वाग्दत्ताचं काम अजून कमी. पहिल्या जाहिरातीच्या आधीच मला कोणीतरी जिन्यावरून ढकलतं. चार वाक्यं आणि एक किंकाळी.

पण मॅडम एक सोन्यासारखी गोष्ट बोलल्या. सोमवारी सकाळी तिला माझा ट्रॅक ऐकवणार आहेत. मी पडताना ओरडतो आणि ती मला पाहून ओरडते, दोन किंकाळ्या एकात एक गुंफायच्या आहेत. म्हणजे सोमवारी ती माझा ट्रॅक हेडफोनवर ऐकणार.

फोनवर जीभ अडखळते. माइकसमोर कधीच अडखळली नाही. उपाय इतके दिवस समोर होता.

५ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी

काम फत्ते.

किंकाळी देऊन झाली. रेकॉर्डिस्टला कुणाचा तरी फोन आला, तो घेऊन तो बाहेर गेला. हल्ली त्याला फार फोन येतात आणि तो ते बाहेर जाऊनच घेतो. लाल बटण कुठलं ते मला पाठ आहे. किंकाळीनंतर थोडी शांतता सोडली आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. खालच्या आवाजात, संथ, श्वासासकट:

मी तुला रोज ऐकतो. तू एकटी असतेस तेव्हाही. तू मला पाहिलेलं नाहीस, पण मी जवळच असतो. तुझा प्रत्येक श्वास मला ओळखीचा आहे. आता फार वाट पाहायची नाही. लवकरच भेटू.

लावून ऐकलं. माझ्याच अंगावर काटा आला. मॅडम असत्या तर जागच्या जागी नायक केलं असतं.

बटणं होती तशी करून ठेवली. आता सोमवार.

७ ऑक्टोबर

शर्ट इस्त्री केला. ताई म्हणाली, कुठे स्वारी? मी नुसता हसलो. ती म्हणाली, तू हसलास की मला काळजी वाटते.

८ ऑक्टोबर, सोमवार

स्टुडिओत पोचलो तर ही गडबड! सकाळी ती अंधाऱ्या बूथमध्ये हेडफोन लावून उभी असताना कुणा पुरुषाचा आवाज आला. काहीतरी भयंकर बोलला म्हणे. ती माइकचा स्टँड पाडून धावत बाहेर आली. त्यात आणखी, पंधरा-वीस दिवस कोणीतरी दवाखान्यात फोन करून नुसता श्वास सोडतोय!

माझं रक्त उसळलं. श्वास सोडतोय! काय विकृत माणसं असतात. एक बाई दोन ठिकाणी राबून पोट भरते आणि हे लोक तिला सुखाने जगू देत नाहीत.

माझा निरोप तिने ऐकलेला दिसत नाही. त्या हरामखोराच्या गोंधळात राहून गेला असणार. माझं नशीबच असं.

संकल्प: त्याला शोधून काढायचा.

९ ऑक्टोबर

तपास. संशय एसीवाल्यावर. शिडी घेऊन कुठेही जाऊ शकतो. रुमाल चटकन काढून देतो. सिनेमात अती मदत करणारा माणूसच शेवटी खुनी निघतो.

रेकॉर्डिस्टला विचारलं, तो आवाज नीट ऐकलास का? तो म्हणाला, ऐकला. पुसून टाकला. मॅडमना सांगितलं की जुन्या सिनेमातल्या खुन्याचा तुकडा चुकून राहिला होता. मी म्हटलं, कशाला पुसलास, पुरावा होता. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, असू दे, माणूस वाईट नसेल. रेकॉर्डिस्ट भोळा आहे हो. डोळेही तांबारलेले होते, झोप झालेली नसावी.

कालपासून तो तिला रेकॉर्डिंग संपलं की स्कूटरवरून दवाखान्यात सोडतो आणि संध्याकाळी घरी. मी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, एक मिनिटसुद्धा तिला एकटी सोडू नकोस. त्याने माझा हात दाबला. तिच्या रक्षणाची व्यवस्था माझ्यामुळे झाली याचं समाधान आहे. श्रेय नको.

दवाखान्यात फोन केला, काळजी घ्या म्हणायला. दुसऱ्याच बाईने उचलला. खेकसली.

१४ ऑक्टोबर, रविवार

ताई टबात पाय घालून बसली होती. पडद्यावर एक बाई, घरं विकण्याचा धंदा करणारी, रिकाम्या घरात एकटी. फोन वाजतो. पलीकडून आवाज: मी तुला पाहतोय. ताईने पाय टबाबाहेर काढले. म्हणाली, मुडदा बशिवला याचा.

मी सहज म्हटलं, ताई, समजा कोणी प्रेमाने असं म्हटलं तर? आणि माझा निरोप म्हणून दाखवला. साध्या आवाजात. खालच्या, संथ आवाजात म्हणावं असं वाटलं नाही.

ताईने टीव्ही बंद केला. म्हणाली, कुठल्या सिनेमात आहे हे? मी म्हटलं, येणाऱ्या. ती म्हणाली, बाईमाणसाला हे ऐकवायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं? आमच्या वॉर्डात एकीला असेच फोन यायचे. दोन महिने ती ड्यूटीवरून घरी जायची ती किल्ली मुठीत धरून, टोक बाहेर काढून. तुला नाही कळायचं.

पुढे सिनेमा पाहिला नाही. कोण निघालं ते कळलं नाही.

१५ ऑक्टोबर

हरामखोर सापडला.

कामाला गेलो नाही. ताईला सांगितलं, पोट बिघडलंय. जेवलोही नाही. आयुष्यात माझ्यामुळे कुणाला भीती वाटली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला तर कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. तिने मुठीत किल्ली धरली असेल का, हेच सारखं मनात येतंय. लाज वाटते. खूप लाज वाटते.

१६ ऑक्टोबर

एसीवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

नीट विचार केला. तिच्यासमोर उभं राहून कबूल करायचं. सस्पेन्समध्ये ज्याच्यावर संशय येतो तो शेवटी निर्दोष निघतो आणि तिचं लग्न त्याच्याशीच होतं. हे मी डझनभर सिनेमांत पाहिलंय. शनिवारी सकाळी जातो.

२० ऑक्टोबर, शनिवार

गेलो. लाल दिवा लागला होता म्हणून मागच्या दाराने काचेच्या खोलीत शिरलो. मॅडम एका बाजूला बसून पेन्सिल चावत होत्या. काचेपलीकडे ती. पाठमोरी. खांद्यावर जुनी शाल, कारण बूथमध्ये एसी फार. एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायावर ठेवलेला. एवढंच दिसलं.

आणि रेकॉर्डिस्ट टॉकबॅकचं, म्हणजे बूथमध्ये आवाज पोचवायचं, बटण दाबून तिला माझी वाक्यं वाचून दाखवत होता.

माझी. नायकाची. सगळ्यांची. हळू आवाजात, कागदाकडे न बघता. ती त्यावर उत्तर देत होती, हसत होती, मधेच म्हणाली, शहाणाच आहेस, पुन्हा वाच. ते सगळं माझ्या हेडफोनमध्ये दुपारी आलंच असतं.

मॅडमना हळूच विचारलं, सकाळी माझी वाक्यं हाच वाचतो? त्या म्हणाल्या, मग कोण वाचणार, भिंत? तू येतोस दुपारी. मी विचारलं, म्हणजे तिने माझा आवाज कधी ऐकलाच नाही? त्या म्हणाल्या, तुझा ट्रॅक नंतर चढतो. एकदाच ऐकवायचा होता, त्या किंकाळीच्या दिवशी, तर तो सगळा तमाशा झाला.

असं नको ना रे बोलूस. गरम पाणी पीत जा. सगळं डोळ्यांसमोरून गेलं. त्याचा थर्मास, बाहेर जाऊन घेतलेले फोन, लाल झालेला चेहरा. तो कामात चुकला नव्हता. ते कापायला त्याचा हात धजत नव्हता.

कबुली न देता मागच्या दाराने बाहेर आलो.

२ नोव्हेंबर

बघणाऱ्यांनी सस्पेन्सला नावं ठेवली. ताईसारख्यांनीच कळवलं असणार. प्रेम परत सुरू.

नायकाचा आवाज अजून मिळाला नव्हता. आज मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, इतके दिवस हा जे नुसतं वाचून दाखवतो तेच मी काल लावून ऐकलं, तर वेगळा माणूस शोधायचा कशाला? रेकॉर्डिस्ट नायक. स्वतःच रेकॉर्ड करेल, स्वतःच बोलेल.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मी वाजवल्या हे नोंदवून ठेवतो.

संकल्प क्रमांक एक पुढच्या वर्षी. क्रमांक दोन अजून हातात आहे. स्कूटरवर मागे बसणं म्हणजे लग्न नव्हे.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

लग्न आहे. त्यांचं. ८ डिसेंबर, रजिस्टर.

रेकॉर्डिस्टने चहाच्या वेळी सांगितलं. बिस्किट चहात बुडवून धरलं होतं, ते तुटून आत पडलं तरी त्याला कळलं नाही. म्हणाला, आधी मी बोलायला धजत नव्हतो. काचेच्या अलीकडून वाचायचं तेवढंच. मग तो प्रकार झाला, ती घाबरली, रोज सोडायला लागलो. तूच म्हणालास, एक मिनिट एकटी सोडू नकोस. नाही सोडलं.

मी अभिनंदन म्हटलं. माझ्या कानांना ते ‘चुकलं, माफ करा’ असं ऐकू आलं.

साक्षीदार हवेत. तिच्याकडून दवाखान्यातली मैत्रीण. माझ्याकडून तू ये, म्हणाला. ये ना रे, म्हणाला. आणि माझं खरं नाव घेतलं. विसरला नव्हता.

नाही म्हणायचं ठरवून तोंड उघडलं. हो म्हणालो.

२९ नोव्हेंबर

ताईला सगळं सांगितलं. निरोपाचंही. रागावेल वाटलं. तिने हातातल्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, अरे वेड्या, इतकी वर्षं तू त्या बिचाऱ्याचा आवाज दिलास, त्याच्याकडून थोडं शिकायचं तरी. तो निदान वेळेवर बाजूला होतो.

नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कामाला गेली. नाइट होती.

७ डिसेंबर

धीर सोडलेला नाही. अभ्यास सांगतो, शेवटच्या दहा मिनिटांत लग्न थांबतंच. कोणीतरी धापा टाकत येतो आणि ओरडतो, थांबा! आजवर तो ओरडला की माझंच लग्न मोडायचं. उद्या ओरडणारा मी. ऑफिसात रजिस्ट्रार हरकत विचारतोच, रेकॉर्डिस्टनेच सांगितलं. एक शब्द पुरे.

वाक्य पाठ केलं. सरळ आहे, श्वास नाही, काटा नाही. आरशासमोर छान आलं.

जाताना रेकॉर्डिस्टने त्याचा मफलर माझ्या हातात ठेवला. म्हणाला, उद्या त्या ऑफिसात थंडी असते. घशाला बांधून ये. घसा बसलाय असं सांगितलंस तरी चालेल, कुणी बोलायला लावणार नाही. ती तुला ओळखत नाही. ओळखायचं कारणही नाही.

त्याने बोट उचलून माझ्या गळ्याला लावलं आणि गेला. तेव्हा लख्ख कळलं की पुसताना त्याने तो आवाज ओळखला होता. पहिल्याच दिवशी. त्या माणसाचं कामच ते.

८ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी

रजिस्ट्रारच्या खोलीत पंखा बंद, खिडकीला पिवळा पडदा, टेबलावर शाईचा पॅड. ताई बरोबर आली होती, नाइट करून तशीच.

ती आली. पहिल्यांदा समोरून. सिनेमातल्यांपेक्षा बुटकी, चेहरा साधा, हसताना एक दात दुसऱ्यावर चढलेला. दातांच्या दवाखान्यात काम करूनसुद्धा. इतका साधा चेहरा पाहिला आणि फार आवडला. आवाजापेक्षा जास्त. हे आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं? कळलं असतं तरी मी हेच सगळं केलं असतं.

रजिस्ट्रारने विचारलं, कोणाची काही हरकत? मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात ती सहज वळून माझ्याकडे बघून हसली, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तशी. मग लक्षात आलं. एक शब्द बोललो तर हे हसू जाईल. किल्ली मुठीत येईल. खोलीतून ती पळणार नाही कदाचित, पण पुन्हा कधी असं हसणार नाही.

मफलर वर ओढून खोकलो. रजिस्ट्रार म्हणाला, बाहेर खोका. साक्षीदार असल्यामुळे आत ठेवलं.

सह्या झाल्या. ती माझ्याजवळ आली. विचारलं, तुम्ही कोण? मी मफलरकडे बोट दाखवलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, हा आपला वाग्दत्त. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. अय्या, तुम्ही! किती वेळा सोडलंय मी तुम्हाला! रागावला नाहीत ना? मी मान हलवली. ती म्हणाली, बोला ना काहीतरी. मी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यातर्फे बोलला: तो म्हणतोय, तू सुखी राहा, मला तेवढंच पाहिजे.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याकडे बघून.

मग तिने माझा हात धरला. म्हणाली, घसा सांभाळा, आपलं पोट त्याच्यावर. बरा झाला की एकदा नक्की फोन करा हं. इतकी वर्षं बरोबर काम करतोय आणि मी तुमचा आवाज कधी ऐकलेलाच नाही.

मी मान हलवली.

घरी आल्यावर ताईने माझ्या गळ्यातून मफलर सोडवला, घडी करून ठेवला. म्हणाली, संपलं आता. इथे कुणी नाही, बोल काय बोलायचंय ते. मी बोलायला गेलो. खरंच आवाज फुटेना. तिने पाणी आणून दिलं.